नणंदबाईंबरोबर पळून गेले: पांढुर्णा ते सौंसर, पायी

दिवाळीची सुट्टी संपायला आठ दिवस उरले होते. चिवड्याच्या डब्यातले तळाचे शेंगदाणे मी वेचून खात होते, तेवढ्यात मागच्या दारानं नलूताई आल्या. नलूताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय सदुसष्ट. पस्तीस वर्षं सरकारी नर्स होत्या, लसीचा निळा डबा खांद्याला लावून पांढुर्णा-सौंसरकडची खेडी पायी तुडवलेल्या. आल्या, उभ्याउभ्याच माझ्या हातातले चार शेंगदाणे उचलले आणि म्हणाल्या,

"सुलभा, तुले चालता येते का वं?"

"रोज शाळेत चालतच जाते की." मी पांढुर्ण्यात एका शाळेत भूगोल शिकवते. शाळा घरापासून चार गल्ल्यांवर आहे.

"ते चालणं नाई. ते पोचणं हाय. चालता येते का?"

बावीस वर्षं मी मुलांना नद्या, खोरी आणि काळी माती शिकवतेय. आपली जाम नदी पुढं कुठून कशी जाते, ते मात्र बसच्या खिडकीतून दिसलं तेवढंच मला ठाऊक होतं.

नलूताईंचं म्हणणं असं होतं. रविवारी त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याहून त्यांना कायमचं न्यायला येणार होता. नंदावे, म्हणजे त्यांचे यजमान, वारल्यापासून त्या पांढुर्ण्यात एकट्याच राहत होत्या, आणि मागच्या साली पाय मुरगळल्यापासून प्रशांतनं धोशाच लावला होता. दहाव्या माळ्यावरचा फ्लॅट, आईसाठी वेगळी खोली, सगळी तयारी झाली होती. जायच्या आधी त्यांना एकदा सौंसरपर्यंत पायी जायचं होतं. सौंसरला त्यांची जुनी मैत्रीण मंदाबाई राहते, तिच्याकडे.

"बसनं तास लागते," मी म्हणाले.

"म्हणूनच. तासात काय दिसते?"

घरी आम्ही एकही शब्द खोटा बोललो नाही. "नलूताईंबरोबर चार दिवस मंदाबाईंकडे सौंसरला चालले," असं मी नवऱ्याला सांगितलं. "चालले" या शब्दाचा अर्थ त्यांनी त्यांच्या सोयीनं घेतला, त्यात माझा काय दोष?

खरी अडचण होती मोबाइलची. प्रशांतनं आईच्या मोबाइलमध्ये काहीतरी घालून ठेवलं होतं. पुण्यात बसल्या बसल्या त्याला आई नकाशावर निळ्या ठिपक्यासारखी दिसायची. ठिपका घराबाहेर गेला की दहा मिनिटांत फोन. मंगळवारी सकाळी नलूताई मला घेऊन बस स्टँडवर गेल्या. सौंसरच्या बसचा कंडक्टर दारात उभा होता. त्याच्या हातात रुमालात बांधलेला मोबाइल देऊन त्या म्हणाल्या,

"हा सौंसरले मंदाबाईले देजो. ती स्टँडवर येईन."

"आणि तुम्ही, सिस्टरबाई?"

"मी मागून येतो."

"मागच्या बसनं?"

"नाई. मागून."

कंडक्टरचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला आणि दंड चोळू लागला. नलूताईंना पाहिल्यावर पुरुषांचं असं का होतं, ते मला पुढल्या चार दिवसांत चांगलं कळलं.

ठिपका तासाभरात सौंसरला पोचला. आम्ही तोवर सावरगावसुद्धा ओलांडलं नव्हतं.

सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडचा काठ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं गोटमार होते, दोन्ही काठांवरून दगड चालतात, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. कार्तिकातल्या सकाळी तिथं फक्त धुणं होतं. दगडांवर साड्या वाळत होत्या आणि एक म्हैस मधोमध उभी राहून दोन्ही गावांकडे सारख्याच कंटाळ्यानं बघत होती.

तिथून पुढं आमचा रस्ता साधा होता. जमेल तिथं नदीच्या काठानं, नाही जमलं तर शेतांमधून. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, त्या धुऱ्यांवरून पायवाटा जातात. यायचं मनात असेल तर दिवाळीनंतर होळीच्या आत या. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेचायला आलेली असते, तुरीला फुलं असतात, संत्री पिवळी पडू लागतात, आणि ऊन अंगावर घेता येतं. पावसाळ्यात या काळ्या मातीत पाऊल टाकाल तर एक पाऊल तुमचं आणि दोन किलो माती शेतकऱ्याची.

बुटांबद्दल एक सांगते. मी खास या प्रवासासाठी नवे पांढरे बूट घेतले होते. नलूताईंच्या पायात रबरी स्लीपर. दुपारपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. नलूताईंनी पिशवीतून सुई काढली, काडीच्या ज्योतीवर धरली आणि माझा पाय मांडीवर घेतला.

"तुम्ही अजून सुई बाळगता?"

"चांभार रापी टाकून देते का?"

त्यानंतर मी त्यांच्या पिशवीतली जुनी स्लीपर घातली. नवे बूट नाडीनं बांधून गळ्यात अडकवले आणि ते तसेच सौंसरपर्यंत आले. इतक्या आरामात प्रवास आमच्यापैकी दुसऱ्या कुणाचा झाला नाही.

पण आपल्याकडे पायी जाताना खरी कसोटी पायांची नसते. लोक चालू देत नाहीत, ती कसोटी. कापूस वेचणाऱ्या बाया ओटीत कापूस घेऊन ताठ उभ्या राहायच्या.

"कुठी चालल्या वं बाई?"

"सौंसरले."

"बस नाई भेटली का?"

हा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवशी अकरा वेळा विचारला गेला. ट्रॅक्टरवाले थांबत, मोटरसायकलवाले "बसा माय" म्हणत. नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटे. एकानं तर रागावून गाडीच बंद केली आणि आमच्या बाजूनं ढकलत चालू लागला. शेवटी नलूताईंनी तोडगा काढला.

"नवस हाय," त्या सांगू लागल्या. "जामसावळीच्या मारुतीले पायी जायचा."

नवस म्हटलं की जादू होते. गाडीवाले हात जोडतात, पुढचा रस्ता सांगतात, वर चहा पाजतात. फक्त एका म्हाताऱ्या आजीनं मुळावरच बोट ठेवलं. "कायचा नवस बोलली वं?"

"भावजयीची जीभ आखूड होऊ दे म्हणून," नलूताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मंग पायी नाई, लोटांगण घालत जाय."

पहिला मुक्काम त्याच आजीच्या घरी झाला. बेसन, ज्वारीची भाकर, कच्चा कांदा आणि मिरचीचा असा ठेचा की माझ्या टाचांचं दुखणं मी पार विसरले. गावाचं नाव मी सांगणार नाही. "नाव लिहशीन तं उद्या पन्नास जणं येतीन भाकर मागाले," असा आजीनं दमच दिलाय.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येता येता आम्ही संत्र्याच्या बागांमध्ये शिरलो. एका बागेत एक जाडजूड मिशांचा, चाळिशीचा गडी झाडांना बांबूचे टेकू देत होता. आमची चाहूल लागली तसा त्यानं मान वर केली, नलूताईंना पाहिलं, आणि सरळ झाडामागं गेला.

नलूताई थांबल्या. डोळे बारीक करून म्हणाल्या, "गजा. बाहीर ये."

झाड गप्प.

"गजा, तुह्या मिशा दोन्ही बाजूनं दिसून राहिल्या."

गजानन बाहेर आला, लाजून लाल झाला आणि वाकून पाया पडला. वाकतानाही डावा दंड झाकून. तोवर त्याची बायको चहा घेऊन आली होती. तिच्यासमोर नलूताईंनी सगळी कथा सांगितली. गजानन सात वर्षांचा असताना लस टोचायच्या दिवशी आंब्यावर चढून बसला होता. आईनं हाका मारल्या, बापानं काठी दाखवली, गडी काही उतरेना. नलूताई झाडाखाली बसल्या, डबा उघडला आणि सावकाश जेवल्या. वांग्याची भाजी होती. जेवण झाल्यावर तिथंच पान जमवलं. दुपार कलली तेव्हा वरून आवाज आला, "बाई, वांगं उरलं का?"

"उरलं हाय," यांनी सांगितलं. तो उतरला. आधी वांगं मिळालं, मग सुई.

"आत्ताबी सुई पाह्यली का घाम फुटते यायले," बायको पदरात तोंड लपवत म्हणाली. "मागं डॉक्टरनं रक्त तपासाले सांगतलं तं म्हणे, गोळ्या द्या, रक्त माहं मलेच राहू द्या."

गजाननानं बागेची संत्री सोलून सोलून आमच्यापुढं ढीग घातला. बाजारातलं संत्रं आणि झाडावरून आत्ता तोडलेलं, सालीचा फवारा डोळ्यांत उडवणारं संत्रं ही दोन वेगळी फळं आहेत, एवढंच सांगते. त्यानं आम्हाला पुढं जाऊच दिलं नाही. संध्याकाळी भरीत केलं, वांग्याचंच, मुद्दाम.

झोपायला आम्हाला कापसाची खोली मिळाली. वेचलेला कापूस भिंतीपर्यंत रचलेला होता, त्यावर गोधडी टाकलेली. तुम्हाला वाटेल, काय सुख! दोन मिनिटं खरंच सुख होतं. तिसऱ्या मिनिटाला मानेला खाज सुटली, पाचव्या मिनिटाला पाठीला. आम्ही दोघी गोधडी उचलून ओसरीवर आलो. जेवणं नुकतीच आटोपली होती, आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. पाठ खाजवता खाजवता मी विचारलं,

"ताई, पुण्याला जायचं मनात नाही का तुमच्या?"

त्या म्हणाल्या, "मागं महिनाभर राहून आली ना मी. लेक लय चांगला हाय माहा, सूनही चांगली. खाली उतरली का वॉचमन विचारे, आजी, कुठं निघाल्या? मी म्हणो, कुठीच नाई. तं म्हणे, मग वर जा, ऊन लागेल." त्यांनी पाय लांब केले. "पस्तीस वर्षं सकाळी उठून मी कुठीतरी निघाली, सुलभा. कोणी विचारलं तं गावाचं नाव सांगता येत होतं. आता 'कुठीच नाई' म्हणता म्हणता एक दिवस खरंच कुठीच नाई राहणार मी."

एरवी मी लगेच काहीतरी बोलले असते. त्या दिवशी नवस थोडासा फळला असावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझा मोबाइल सुरू केला. दोन दिवस तो बंद ठेवायचा, अशी नलूताईंची अट होती. सुरू होताच तो थरथरायला लागला आणि थांबेचना. पहिला फोन लागला मंदाबाईंचा.

"कुठी मेल्या वं तुम्ही? त्याचा दर तासाले फोन येते. मी सांगतो, ती आंघोळीले गेली. दोन दिवसांत नऊदा आंघोळ घातली मी तिले! काल तं तो म्हणाला, काकू, आईला पाण्यातून बाहेर काढा. आता तो येऊन राहिला. विमानानं नागपूरले उतरला, तिथून गाडी केली."

"कधी?"

"पहाटेच माह्या दारात होता. मी खोटं बोलाले गेली अन् रडलीच. सगळं सांगतलं त्याले."

फोन ठेवतेय तोच बागेपलीकडच्या डांबरी रस्त्यावर पांढरी गाडी थांबली. त्याला आमचा पत्ता कसा लागला? काही अवघड नव्हतं. "दोन बाया पायी जाताना दिसल्या का?" एवढं विचारलं की प्रत्येक शेतातून उत्तर येत होतं, "सिस्टरबाई ना? तिकडं गेल्या, गजाननच्या बागेत."

आणि मग माझ्या सदुसष्ट वर्षांच्या नणंदबाईंनी माझा हात धरला आणि मला खेचत शेजारच्या तुरीत नेलं. तूर डोक्यापर्यंत वाढली होती. आम्ही दोघी मधोमध उकिडव्या बसलो. मी, एक शिक्षिका, गळ्यात बूट घालून, नाकावर तुरीचं फूल घेऊन, भाच्यापासून लपून बसले होते. मला हसू आवरेना. नलूताईंनी माझ्या तोंडावर हात दाबला, पण त्यांचंही पोट हलत होतं.

धुऱ्यावर प्रशांतचा आवाज आला. "दादा, माझी आई इथं आली होती का? नलिनीबाई. नर्स होत्या."

गजाननला खोटं बोलायची सवय नव्हती. "सिस्टरबाई?" तो म्हणाला. "त्या तं... रिटायर झाल्या."

"ते मला माहीत आहे हो."

"मंग झालं."

प्रशांत विहिरीच्या काठावर बसल्याचा आवाज आला. गजाननच्या बायकोनं पाणी दिलं असावं, कारण भांडं खाली ठेवल्यावर तो म्हणाला, "दादा, मी तिला बांधून ठेवायला नेत नाहीये. मागच्या वर्षी ती बाथरूममध्ये पडली. सहा तास तशीच पडून होती. हाका मारत होती, कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी स्वतःच सरपटत बाहेर आली. मला हे महिन्याभरानं कळलं, तेही डॉक्टरांकडून. त्या दिवसापासून मी दर तासाला नकाशा उघडून तिचा ठिपका बघतो."

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी नलूताईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. सहा तास. त्या दिवशी मी बहुतेक घरीच असेन, पेपर तपासत. मला त्यांनी पाय मुरगळला एवढंच सांगितलं होतं, आणि मी हळदीचा लेप पाठवून मोकळी झाले होते.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि तुरीतून बाहेर चालू लागल्या.

"आई!"

"रडू नको. इतल्या लोकांत काय रडतं?" असं म्हणत त्यांनी आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. त्यांच्या केसांत तुरीची फुलं अडकली होती. त्याला रागवायचं होतं, पण फुलं बघून त्याला धड रागावताही येईना.

"तू काय करतेस हे, आई? या वयात?"

"चालून राहिली."

"आणि पडलीस तर?"

तेव्हा नलूताई जे बोलल्या, ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "घरात पडली तवा सहा तास कोणी नाई आलं, बाळा. इथी मी नुसती खोकलली तं तीन घरं बाहीर येतेत. मंग पडाले बरी जागा कोणती?"

गजानन मिशीआड "खरं हाय" असं काहीतरी पुटपुटला.

"सौंसर अजून दीड दिवस हाय," नलूताई म्हणाल्या. "माह्यासंगं चाल. तुह्या आधी मी थकून खाली बसली, तं रविवारी मुकाट्यानं गाडीत बसन, परत नाव काढणार नाई. तू आधी बसला, तं माहं ऐकाचं."

प्रशांत बेचाळीस वर्षांचा आहे, रोज सकाळी व्यायामशाळेत जातो. तो हसला. "चल," म्हणाला. गाडी ड्रायव्हरबरोबर सौंसरला गेली आणि आम्ही तिघं धुऱ्यावर चढलो. गजाननानं सगळ्यांच्या खिशांत संत्री कोंबली. नलूताई पुढं गेल्यावर त्यानं हळूच मला विचारलं, "सिस्टरबाईच्या पिशवीत अजून सुई हाय का?" मी हो म्हटलं. "तं बरोबर," असं म्हणून तो दोन पावलं मागं सरला.

त्या दिवशी प्रशांतनं आपली आई पहिल्यांदाच पाहिली असावी. लहानपणी त्याला वाटे, आई सकाळी जाते आणि संध्याकाळी दमून येते, इतकंच. आता दर कोसावर कुणीतरी तिला थांबवत होतं. कुणी नातू दाखवायला आणला, कुणी लसीची जुनी कार्डं. एका बाईनं तिच्यासाठी सांबारवड्या तळल्या, भरपूर कोथिंबिरीच्या, कुरकुरीत. आम्ही खात असताना ती प्रशांतला म्हणाली, "तुह्या मायनं पुरात नाला वलांडून माही पोरगी वाचवली. तू तवा घरी एकटाच असशीन ना रे?" प्रशांत म्हणाला, "असेन." मग बराच वेळ त्यानं आईची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

संध्याकाळी त्याच्याही टाचांना फोड आले होते. सुई निघाली तसा तो पांढराफटक पडला. नर्सचा मुलगा! मी त्याचे खांदे धरून ठेवले आणि मनातल्या मनात गजाननची माफी मागितली.

चौथ्या दिवशी सकाळी एका नाल्यापाशी आलो. पाणी घोट्याएवढंच, पण समोरची चढण उभी आणि मुरमाची. अर्ध्यावर मला नलूताईंच्या श्वासाचा आवाज बदललेला ऐकू आला. त्यांनी एका बाभळीला हात टेकला. ओठ पांढुरके झाले होते. नजर खाली, बसायला दगड शोधत होती. आणखी दोन पावलांत त्या नक्की बसल्या असत्या.

प्रशांत त्यांच्या पुढं होता. त्यानं मागं वळून पाहिलं. मी त्याचा चेहरा बघत होते, म्हणून मला खात्रीनं सांगता येतं. त्याला सगळं कळलं. क्षणभर थांबून त्यानं आईकडे बघितलं आणि मग "आई गं, बुटात खडा गेला" असं म्हणून तो भर चढणीवर धपकन खाली बसला.

"बसला!" नलूताई बाभळीला धरूनच म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण तोरा पूर्ण.

"बसलो," तो म्हणाला. "हरलो. तूपण बस आता, हरलेल्या माणसाशेजारी."

त्या बसल्या. पाणी प्यायल्या, संत्रं खाल्लं. बराच वेळ तो बुटात नसलेला खडा शोधत राहिला आणि त्या त्याला शोधू देत राहिल्या. दोघांनाही ठाऊक होतं. मी दुसरीकडे, नाल्यातल्या बगळ्याकडे बघत बसले.

ओठांवर रंग आल्यावर नलूताईंनी आपली अट सांगितली. "पावसाचे चार महिने मी पुण्याले येईन. आठ महिने फिरन. साधू बी चातुर्मासात एका जागी राहतेत ना? मी साधूच समज."

"साधूंकडे मोबाइल असतो का?"

थोडी घासाघीस झाली. ठरलं ते असं. मोबाइल स्वतःजवळ बाळगायचा, चार्ज करून. एकटीनं कुठं मुक्काम करायचा नाही, माणसांच्या घरीच. चढण दिसली की दर वळणाला बसायचं, पैज असो की नसो. आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. शेवटच्या अटीवर त्या म्हणाल्या, "टोचाले तू यायजो. मी आंब्यावर चढन."

दुपारी जामसावळीला पोचलो. इथला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. नवस खरा नव्हता, पण चार दिवस त्याच्या नावावर चहा प्यायलो होतो, तेव्हा नारळ फोडणं भागच होतं. नलूताईंनी डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटलं. "जिभेचं बोललात का?" मी विचारलं. "देवाले झेपन तेवढंच मांगावं," त्या म्हणाल्या.

तिथून सौंसर जवळच. उन्हं उतरता उतरता आम्ही मंदाबाईंच्या गल्लीत शिरलो. त्या दारातच उभ्या होत्या, खांद्यावर टॉवेल टाकून. नलूताईंना पाहिल्याबरोबर ओरडल्या, "बंब पेटवला हाय! ह्या टायमाले खरी आंघोळ कर वं बाई, माह्या जिवाचं पाप धुऊन निघू दे."

आता हिशोबी वाचकांसाठी. चार दिवसांत आमचा खर्च पोहे, चहा आणि एक नारळ एवढाच झाला. मुक्कामाचे पैसे कुणी घेत नाही, विचारलंत तर अपमान होतो. राजगिऱ्याचे लाडू पिशवीत ठेवा, घरच्या पोराबाळांना द्या. बायकांनी उजाडायच्या आत उठायची सवय लावून घ्यावी, कारण नंतर शेतात आडोसा मिळतो पण निवांतपणा मिळत नाही. कुत्र्यांना घाबरू नका, नावानं हाक मारा. नाव माहीत नसेल तर "मोत्या" म्हणा, निम्मी कुत्री तरी मोत्याच निघतात. आणि सोबत नलूताई असतील तर बाकी काहीच लागत नाही.

परतताना मी बसनं आले. खरंच एक तास लागला. खिडकीतून गजाननची बाग कुठं दिसते का ते पाहत होते. दिसली की नाही, सांगता येत नाही. त्या वेगात सगळ्याच बागा सारख्या दिसतात.

मी काही बदलून वगैरे गेले नाही. मला माझी गादी आवडते, घरचा नळ आवडतो, आणि पाचव्या दिवशी कुणी मला तुरीत बसायला सांगितलं असतं तर मी बसले नसते. जे राहिलं ते थोडं टोचणारं आहे. रोज शाळेतून येताना मी आता दोन गल्ल्या वाकडी वाट करून नलूताईंच्या दारावरून येते. घर रिकामं नाही, नव्यानं रुजू झालेल्या एका नर्सला त्यांनी पुढची खोली दिली आहे. मी तिला कडी वाजवून विचारते, "बरी आहेस ना गं?" पहिल्या आठवड्यात ती चक्रावली. आता ती चहाच टाकून ठेवते.

प्रशांत रविवारी एकटाच पुण्याला गेला. नलूताई मार्गशीर्षात निघाल्या, मुलताईच्या बाजूला. तापी कुठं उगम पावते ते त्यांना बघायचं होतं. जाताना वाटेतल्या सगळ्या जुन्या ओळखी ताज्या करायच्या होत्या. त्या सकाळी मी त्यांना गावाबाहेरच्या वळणापर्यंत पोचवायला गेले. धुकं होतं. पिशवी खांद्याला, स्लीपर पायात.

"जाय आता, तुही शाळा भरून राहिली," त्या म्हणाल्या.

मी आणखी थोडी गेले. मग आणखी थोडी. शेवटी त्यांनीच मला खांद्याला धरून उलटं फिरवलं आणि पाठीत हलकेच बुक्की घातली. मी तीनदा मागं वळून पाहिलं. त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

शाळेत पोचायला पाऊण तास उशीर झाला. हजेरीच्या वहीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "पाहुण्यांना पोचवायला गेले होते." कुठपर्यंत, ते कुणी विचारलं नाही.